सीईटीत जास्त गुण, तरी पर्सेंटाइल कमी? हिशोब समजावून सांगा

तासगाव_पालक:
मुलगी सांगलीत बारावी सायन्सला आहे, पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ग्रुपने सीईटी, म्हणजे इंजिनिअरिंगची राज्याची प्रवेश परीक्षा देणार. १३० गुणवाल्यापेक्षा १२४ गुणवाल्याचा पर्सेंटाइल जास्त कसा येतो? बारावीचे मार्क यात धरतात का? आणि वालचंद, कराड गव्हर्नमेंट या इंजिनिअरिंग कॉलेजांचे कटऑफ (शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलला झाला ते) बघतोय, त्यातल्या कोडमधली अक्षरं कळत नाहीत.

विश्रामबाग_गणित:
दादा, परीक्षा बऱ्याच शिफ्टमध्ये होते आणि प्रत्येक शिफ्टचा पेपर वेगळा असतो. म्हणून तुलना फक्त त्याच शिफ्टमधल्या मुलांशी होते. तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण असलेली मुलं (तुम्ही स्वतः धरून) भागिले शिफ्टमधली एकूण मुलं, गुणिले १००, हा झाला पर्सेंटाइल.

समजा दोन्ही शिफ्टला १२,००० मुलं आहेत. अवघड पेपरात १२४ किंवा कमी गुणांची ११,६४० मुलं निघाली, तर पर्सेंटाइल ९७. सोप्या पेपरात १३० किंवा कमी गुणांची ११,४०० निघाली, तर ९५. म्हणून "इतके गुण म्हणजे इतके पर्सेंटाइल" असे जे तक्ते फिरतात, त्यांच्यावर कॉलेज ठरवू नका.

अजून एक चूक हमखास होते. तिन्ही विषयांच्या पर्सेंटाइलची सरासरी काढली की एकूण येईल असं वाटतं. तसं नाही, एकूण पर्सेंटाइल एकूण गुणांवरून स्वतंत्र काढतात. तो सात दशांश स्थळांपर्यंत देतात, तरीही बरोबरी झालीच तर आधी गणिताचा पर्सेंटाइल बघतात.

बारावीचे मार्क मेरिटमध्ये मिळवत नाहीत, पण पात्रतेसाठी लागतात: पीसीएममध्ये खुल्या गटाला ४५ टक्के, राखीवला ४०. सीईटीच्या नादात बोर्डाकडे दुर्लक्ष केलं तर चांगला पर्सेंटाइलही वाया जाईल.

मिरज_फिजिक्स:
पेपराबद्दल सांगतो. पहिल्या ९० मिनिटांत फिजिक्स ५० आणि केमिस्ट्री ५० प्रश्न, प्रत्येकी १ गुण. ती वेळ संपली की तो भाग बंद होतो आणि गणित उघडतं: ५० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, पुन्हा ९० मिनिटं. एका भागातला वेळ दुसऱ्याला वापरता येत नाही. म्हणजे पहिल्या भागात प्रश्नामागे ५४ सेकंद, गणितात १०८.

केमिस्ट्री आधी सोडवायला सांगा. बरेच प्रश्न पाठांतराचे, ३०-३५ मिनिटांत उरकतात, उरलेला वेळ फिजिक्सच्या आकडेमोडीला. कॅल्क्युलेटर नसतो, तेव्हा लॉग आणि वर्गमुळं हातानं करायचा सराव हवा. निगेटिव्ह मार्किंग नाही, म्हणून प्रत्येक भागातली शेवटची तीन मिनिटं राहिलेल्या प्रश्नांचे पर्याय अंदाजाने निवडायला राखून ठेवा. गणितात एक प्रश्न कोरा म्हणजे दोन गुणांची संधी गेली.

साधारण २० टक्के प्रश्न अकरावीचे, तेही ठरावीक धड्यांवर. गणितात सरळ रेषा, वर्तुळ, संभाव्यता, क्रमपर्याय असे धडे. अख्खी अकरावी परत काढत बसू नका.

कराड_कॅप:
कटऑफच्या कोडमध्ये सुरुवातीचं जी म्हणजे सर्वांसाठी, एल म्हणजे मुलींसाठी. मधे प्रवर्ग. शेवटचं एच म्हणजे होम युनिव्हर्सिटी, ओ म्हणजे बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तर. मुलीचा कटऑफ बघताना एल आणि जी दोन्ही ओळी बघा. ती दोन्हीकडे बसते.

होम युनिव्हर्सिटी घराच्या पत्त्यावरून ठरत नाही, बारावी जिथून पास झाली त्या कॉलेजच्या ठिकाणावरून ठरते. सांगली, सातारा, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ. तासगावचं मूल लातूरहून बारावी झालं तर त्याचं होम नांदेडचं विद्यापीठ होतं, आणि इथल्या एच जागांवर त्याचा हक्क राहत नाही. तुमची मुलगी सांगलीतच आहे, म्हणजे तिला तो प्रश्न नाही.

तासगाव_पालक:
ही होम युनिव्हर्सिटीची गोष्ट कुणी सांगितलीच नव्हती. धाकट्याला अकरावीला लातूरला पाठवायचा विचार चालू होता, आता आधी एच आणि ओ दोन्हीचे कटऑफ शेजारी ठेवून बघतो.