सेप्टिक शॉक: सीआरआरटीच्या सर्किटमध्ये शोषक कार्ट्रिज कधी जोडावं?

रात्रपाळी_आयसीयू
आतड्याला छिद्र पडून सेप्टिक शॉक (संसर्गामुळे रक्तदाब कोसळणं), शस्त्रक्रिया झालेली. रक्तदाब टिकवायला नॉरएड्रेनलिन 0.5 मायक्रोग्रॅम/किलो/मिनिट, व्हॅसोप्रेसिन व हायड्रोकॉर्टिझोन चालू, लॅक्टेट 6. लघवी बंद, म्हणून सीआरआरटी (सतत चालणारं डायलिसिस), गुठळ्या होऊ नयेत म्हणून सायट्रेटवर. सायटोसॉर्ब (रक्तातून सायटोकाइन, म्हणजे दाह वाढवणारे पदार्थ, शोषणारं कार्ट्रिज) जोडावं का? जोडलंच तर मेरोपेनेम आणि व्हॅन्कोमायसिनच्या डोसचं काय?

शॉक_आणि_पुरावा
आधी पोट पुन्हा तपासा. गळती किंवा न निचरलेला पू राहिला असेल तर कार्ट्रिज एका बाजूने सायटोकाइन काढतं आणि दुसऱ्या बाजूने ते तयार होतच राहतात.

पुरावा निराश करणारा आहे. रक्तातलं एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) शोषणाऱ्या पॉलिमिक्सिन बी कार्ट्रिजच्या 2009 मधल्या युफास चाचणीत फक्त 64 रुग्ण होते. निकाल चांगला दिसला आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. 2018 च्या युफ्रेटिसमध्ये 450 रुग्ण घेतले, तेही एंडोटॉक्सिन वाढलेलेच निवडून. तरी 28 दिवसांचा मृत्युदर 37.7 टक्के, नियंत्रण गटात 34.5. नुसता फिल्ट्रेशनचा वेग वाढवूनही भागत नाही: आयव्हॉयर चाचणीत 70 आणि 35 मिली/किलो/तास यांत फरक पडला नाही. सर्व्हायव्हिंग सेप्सिसच्या 2021 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना पॉलिमिक्सिन वापरू नये असं सुचवतात; इतर पद्धतींबद्दल शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असं म्हणतात.

सायटोसॉर्ब लावल्यावर नॉरएड्रेनलिन उतरलं म्हणजे रुग्ण वाचेल असं धरू नका. कोविडमध्ये एक्मोवरच्या (शरीराबाहेर रक्ताला ऑक्सिजन देणारं यंत्र) 34 रुग्णांच्या सायकोव्ह चाचणीत 30 दिवसांनी कार्ट्रिज गटातले 17 पैकी 3 जगले, दुसऱ्या गटातले 17 पैकी 13. आजार वेगळा, चाचणी लहान. पण हे उपकरण निरुपद्रवी समजायला नको, एवढं त्यातून नक्की कळतं. मी नेहमीचा उपचार म्हणून लावणार नाही.

सर्किट_तंत्रज्ञ
तरीही ठरवलंत तर कार्ट्रिज हिमोफिल्टरच्या (सीआरआरटीत रक्त गाळणारा फिल्टर) आधी जोडा. फिल्टरनंतर रक्त दाट झालेलं असतं, गुठळ्या लवकर होतात. सायट्रेट कार्ट्रिजच्याही आधी गेलं पाहिजे. रक्तप्रवाह किमान 100 मिली/मिनिट. फिल्ट्रेशन फ्रॅक्शन (प्लाझ्मातून गाळून काढलेल्या द्रवाचं प्रमाण) 20–25 टक्क्यांच्या खाली. फिल्टरनंतरचं आयनाइज्ड कॅल्शियम 0.25–0.35 मिलीमोल/लिटर ठेवा. शॉकमध्ये यकृत सायट्रेट नीट पचवू शकत नसेल, म्हणून एकूण आणि रुग्णाच्या आयनाइज्ड कॅल्शियमचं गुणोत्तर 2.5 च्या वर गेलं की सायट्रेट साचतंय असं समजा.

कार्ट्रिजमध्ये साधारण 150 मिली जादा रक्त राहतं. जोडताना रक्तदाब पडू शकतो. नॉरएड्रेनलिनची नवी सिरिंज तयार ठेवा, प्रवाह हळूहळू वाढवा. कार्ट्रिज 24 तासांच्या आत बदला. प्लेटलेट रोज पाहा.

रात्रपाळी_आयसीयू
आणि अँटिबायोटिक?

औषधमात्रा
खरा धोका इथेच आहे आणि तो मॉनिटरवर दिसत नाही. व्हॅन्कोमायसिन शोषलं जातं, नवं कार्ट्रिज लावल्यावर पहिल्या काही तासांत सर्वात जास्त. पहिला डोस कार्ट्रिज जोडण्याआधी लगेच देऊ नका. कार्ट्रिज बदलल्यावर पातळी पुन्हा मोजा आणि त्यावरून जादा डोस ठरवा. लिनेझोलिड, टायकोप्लॅनिन आणि फ्लुकोनाझोलही बरंच निघून जातं. मेरोपेनेमवर कार्ट्रिजचा परिणाम नगण्य, पण सीआरआरटी ते काढतेच. म्हणून पहिल्या दिवशी मूत्रपिंड बंद आहे म्हणून डोस कमी करू नका. प्रत्येक डोस 3 तासांच्या इन्फ्यूजनने द्या.