अनुभव धागा: वसतिगृहात ‘सगळ्यांसाठी’ उभं राहिलात का कधी?

गेल्या आठवड्यात भाचीचा फोन आला. “मावशी, आमच्या हॉस्टेलला यंदा नवीन पद काढलंय, समावेशन प्रतिनिधी. फॉर्म भरू का?” मी भर म्हणाले. मग तिने विचारलं, “पण त्यात करायचं काय असतं गं?” त्यावर मी जे काही बोलले ते मलाच पटलं नाही. वास्तविक २००९ साली मी नेमक्या ह्याच कामासाठी, म्हणजे हॉस्टेलात कुणी बाजूला पडू नये म्हणून, उभी राहिले होते. तेव्हा त्याला नाव नव्हतं, एवढंच.

म्हणून हा धागा. कुणी वसतिगृहात अशा कामासाठी निवडणूक लढवली असेल, जिंकली, हरली, अर्ज मागे घेतला असेल, तर लिहा. कॉलेजांची आणि माणसांची नावं नकोत. पडलेल्यांनी आधी लिहावं, तर सुरुवात माझ्यापासून.

आमचं मुलींचं हॉस्टेल, इंजिनिअरिंगचं. शिष्यवृत्ती आणि फ्रीशिपची यादी मेसच्या दाराशेजारच्या बोर्डावर लागायची. नाव, वर्ष, आणि तिसरा रकाना जातीचा. जेवणाची रांग नेमकी तिथूनच जायची, त्यामुळे वीस मिनिटं सगळ्यांना वाचायला दुसरं काही नसायचं. आमटीच्या बोटांनी नावं शोधून शोधून त्या कागदावर पिवळे डाग पडले होते. माझं नाव चौथं होतं, आणि त्याच्यावरचा डाग सगळ्यात मोठा. हे मी उगाच रंगवून सांगत नाहीये, मी रोज बघायचे.

मी उभी राहिले ती एकाच मुद्द्यावर: ही यादी ऑफिसात ठेवा, जिला बघायची ती आत जाऊन बघेल. समोरची म्हणाली, दुसरा गिझर आणते. मी २३ मतांनी पडले. खरं दुखलं ते वेगळंच. यादीत ज्यांची नावं होती त्यातल्याही बऱ्याच जणींनी मला मत दिलं नाही. एक जण म्हणाली, “तू तो विषय काढलास म्हणून ज्यांनी वाचलं नव्हतं त्यांनीपण वाचलं.” तिच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि ते मला आजही टोचतं. गिझर दिवाळीनंतर आला. मीही त्याच पाण्याने अंघोळ केली.

भाचीला काय सांगू?

*

(पुणे, एम.ए. इतिहास, पूर्ण अंध)

मी निवडून आलो होतो, तरी लिहितो. साल २०१४.

आमच्याकडे हॉस्टेललाही विद्यार्थी निवडणुकांचे लिंगडोह समितीचे नियम लावायचे. म्हणजे ५,००० रुपयांच्या वर खर्च नाही आणि छापील पोस्टर नाही, हाताने रंगवलेलंच. मित्रांनी माझी पोस्टरं रंगवली. ती कशी झाली होती देव जाणे; एकावर माझं नाव चुकलंय हे मला निकालानंतर कळलं.

प्रचार खोली ते खोली. मी आत गेलो की पोरं गप्प व्हायची. गप्प माणसं मला दिसणार कशी? मग युक्ती सापडली. दारातच काठीने चपला चाचपायच्या. तीन जोड असतील तर तीन जण, आणि आवाज एकाचाच आला तर म्हणायचं, “बाकीचे दोघं पण बोला की.” ह्यावर इतकं हसू व्हायचं की निम्मा प्रचार तिथेच व्हायचा. एकदा पाच जोड होते आणि खोलीत एकटाच होता. त्याला चपलांचा शौक होता.

माझा मुद्दा कुणालाच माहीत नव्हता, कारण तो आधी मलाही सुचला नव्हता. मतदान कागदी शिक्क्याचं. मी अधिकाऱ्यांना विचारलं, मी मत कसं देणार? ते म्हणाले, “आमच्या कानात सांगा, आम्ही शिक्का मारतो.” म्हणजे मी उमेदवार, आणि माझं मत मी वॉर्डनच्या कानात सांगायचं! लोकसभेच्या मतदान यंत्रावर बटणांशेजारी ब्रेलमध्ये आकडे असतात. २०१४ च्या एप्रिलमध्ये मी त्यावर स्वतःचं मत स्वतः दिलं होतं. देशाचा खासदार गुप्त मतदानाने निवडायचा आणि मेसची आमटी कानात सांगून?

शेवटी बाइंडिंगवाल्याकडून पुठ्ठ्याचा साचा कापून घेतला. मतपत्रिका त्यात सरकवायची, प्रत्येक नावासमोर एक खाच. पहिली खाच पहिला उमेदवार, दुसरी दुसरा. खर्च चाळीस रुपये, तोही निवडणूक खर्चात दाखवला. हॉस्टेलात आम्ही चौघं अंध होतो, चौघांनी वापरला.

पुढे वर्षभरात काय केलं विचाराल तर फार नाही. जिन्याच्या तोंडाशी लावलेल्या मोटारसायकली हटवायला गेलो आणि त्यात हरलो. रोज सकाळी हटायच्या, रोज रात्री परत. पायाला सायलेन्सरचा चटका बसलेली खूण अजून आहे.

*

वरचं वाचून एक सांगतो. असं वेगळं पद काढलं की बाकीचे सुटतात. मेस सेक्रेटरी म्हणतो तो माझा विषय नाही, स्पोर्ट्सवाला म्हणतो तिकडे विचारा. आमच्याकडे दोन वर्षं हेच चाललं. व्हीलचेअरवाला मुलगा कॅरमच्या खोलीत जाऊ शकत नव्हता, दाराशी एकच पायरी. स्पोर्ट्सने समावेशनकडे पाठवलं, समावेशनने बांधकाम विभागाकडे. बारा फुटाला एक फूट एवढा चढ असला की रॅम्प होतो, म्हणजे सहा इंचाच्या पायरीला सहा फूट. त्या सहा फुटांसाठी दोन वर्षं. तो पास होऊन गेला, मग रॅम्प झाला.

*

(विदर्भ, २०११, मेस सेक्रेटरी पदाचा पडलेला उमेदवार)

मी जैन. घरी कांदा-लसूणपण नाही. हे आधी सांगतो म्हणजे पुढची गंमत कळेल.

आमच्या मेसमध्ये खिडकीकडच्या दोन बाकांवर कुणीतरी कागद चिकटवला होता, ‘फक्त शाकाहारी’. ऑर्डर कुणाचीच नव्हती. वॉर्डनला विचारलं तर म्हणे मुलांनी ठरवलं, मुलांना विचारलं तर म्हणे आधीपासून आहे. रविवारी अंड्याची भाजी व्हायची. त्या दिवशी तिथे बसलेल्या एका फर्स्ट इयरच्या पोराला ताटासकट उठवलं. त्याने काही म्हटलं नाही. उभ्या उभ्या जेवला, ताट घासलं आन् गेला. पुन्हा रविवारी तो मेसमध्ये दिसलाच नाही.

मला खरंच अंड्याचा वास सहन होत नाही, ढोंग कशाला करू? पण मला पाहिजे होता तो वेगळा डाव, वेगळा बाक नाही. भाजीत बुडालेला डाव वरणात जाऊ नये, बस. म्हणून मी पोस्टर लिहिलं: ‘डाव दोन, बाक एक.’ वाटलं, दोन्हीकडची मतं मिळतील.

झालं उलटं. आमचे म्हणाले हा बाटला. तिकडचे म्हणाले ह्याला आताच कसा पुळका आला. तिसऱ्या नंबरवर आलो, तीनच उमेदवार होते. डाव मात्र दोन झाले, कारण ते स्वयंपाक्याच्या हातात होतं आणि त्याला माझं म्हणणं सोपं वाटलं. त्याने एका डावाच्या दांड्याला लाल चिंधी बांधली. कागद निघाला का ते मला माहीत नाही, मी मार्चमध्ये खोली सोडली.

*

(रायगड जिल्हा, शासकीय आदिवासी वसतिगृह)

आमच्याकडे मतपत्रिका वगैरे नसते. गृहपाल हॉलमध्ये बोलावतात, हात वर करा म्हणतात, झालं. मी बिनविरोध आलो, कारण ते काम कुणालाच नको होतं.

लोकांना वाटतं आदिवासी वसतिगृह, म्हणजे आत सगळे एकच. मी कातकरी. सरकारच्या कागदावर महाराष्ट्रात तीन आदिम जमाती: कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. वसतिगृहात आम्ही दोघंच होतो, बाकी पोरं ठाकर, महादेव कोळी. ती वाईट नव्हती. पण एखाद्याचा मोबाईल सापडेना झाला की पहिली नजर कुणाच्या पेटीकडे जाते ते आम्हाला कळायचं. तेव्हा ‘प्रतिनिधी कोण’ असं विचारल्यावर मी हात वर केला तो रागाने.

२०१८ ला मेस बंद करून जेवणाचे पैसे खात्यावर टाकायचा निर्णय झाला. त्या जुलैत पोरं पुण्याहून नाशिककडे चालत निघाली होती, पेपरात आलं होतं. आमच्याकडे काय झालं ते सांगतो. आमची घरं दिवाळीनंतर वीटभट्टीला, कोळशाच्या भट्टीला जातात. मुकादमाची उचल अंगावर असते. खात्यावर पैसे आले की घरून फोन येतो, आणि पोरगा नाही कसं म्हणणार? माझ्यासोबतचा पोरगा पैसे घरी पाठवून दिवसाला दोन वडापाववर राहायचा आणि आम्हाला सांगायचा, भूक नाही.

मग प्रतिनिधी म्हणून मी एकच केलं. पैसे आले त्याच दिवशी आठ जणांकडून घेऊन दुकानदाराकडे तांदूळ, डाळ, तेल भरून टाकायचं. एकदा माल भरला की घरून फोन आला तरी देणार काय. खोलीत शिजवायला परवानगी नव्हती. गृहपालांनी मागच्या पडवीकडे बघायचं सोडून दिलं, तेवढी त्यांची मदत. आठातले सहा कातकरी नव्हते. पेटीचं बोलणं नंतर ऐकू आलं नाही. एकदाच आलं, तेव्हा एका ठाकर पोरानेच बोलणाऱ्याला गप्प केलं.

*

(मूळ डोंबिवली, सध्या अमेरिकेत, पदवीचं तिसरं वर्ष)

इथे हे पद अगदी नावानिशी असतं. प्रत्येक हॉलची कौन्सिल, त्यात अध्यक्ष, खजिनदार आणि ‘डायव्हर्सिटी अँड इन्क्लूजन चेअर’. भाषण दोन मिनिटं, मत फोनवर. मी उभी राहिले कारण आई म्हणाली रेझ्युमेला चांगलं दिसेल. खोटं कशाला बोलू.

भाषणात मी सगळ्या इंटरनॅशनल मुलांच्या वतीने बोलले. हिवाळ्याच्या सुट्टीत आमचे बरेच हॉल बंद होतात. कार्ड चालत नाही, दार उघडत नाही. आम्ही तीन आठवडे जायचं कुठे? तिकिटाला लाखभर रुपये. मी म्हटलं, “तुम्ही सगळे घरी जाता, आमचा विचार करा.” टाळ्या मिळाल्या, निवडूनही आले.

नंतर आमच्या मजल्यावरचा एक मुलगा भेटायला आला. अमेरिकन, गोरा, फुटबॉलवेडा. माझ्या डोक्यात ज्यांचं सगळं ठीक असतं त्यांच्यातला. म्हणाला, तुझ्या यादीत माझं नाव घाल. तो फॉस्टर केअरमधून, म्हणजे सरकारने सोय केलेल्या परक्या घरात, वाढला होता. अठरा पूर्ण झाल्यावर ते घर संपलं, सुट्टीत जायला घरच नाही. आधीच्या वर्षी तो गाडीत झोपला होता, डिसेंबरमध्ये, बर्फात. मला ‘तुम्ही सगळे घरी जाता’ हे वाक्य आठवलं आणि कान तापले.

आम्ही दोघांनी मिळून मागणी केली: एक हॉल सुट्टीभर उघडा ठेवा, हवं तर सगळ्यांना तिथे हलवा. पहिल्या वर्षी नाही झालं. दुसऱ्या वर्षी झालं, पण दिवसाचं भाडं लावून. त्यावर अजून भांडतोय.

एक सोपं काम मात्र पटकन झालं. २०२३ चा रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला. डायनिंग हॉल सकाळी सातला उघडणार आणि सहरी, म्हणजे रोजा सुरू होण्याआधीचं पहाटेचं जेवण, त्याच्या आधी. रात्रीच डबा भरून न्यायची परवानगी मागितली, दोन ईमेलमध्ये मिळाली. बाकी माझ्या बजेटचा बराचसा भाग समोशांवर गेला. ‘कल्चर नाइट’ म्हटलं की सगळ्यांना समोसेच हवे असतात, आणि मला इथे तरी कुणी साबुदाणा वडा करू दिला नाही.

*

मी ८० च्या घरातला माणूस, निवडणूक कधी लढवली नाही. १९६३ ते ६६ साताऱ्यात रयतच्या बोर्डिंगात होतो. अण्णांना, म्हणजे कर्मवीरांना, जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. पण १९२४ साली त्यांनी सगळ्या जातींची पोरं एका छपराखाली आणून जी रीत घातली होती ती चालू होती. पद नव्हतं, पाळी होती. पाणी भरायची पाळी, पीठ मळायची पाळी. वाढायची पाळी माझ्याकडे आली त्या दिवशी गावचा चुलता भेटायला आला आणि पंगत बघून न जेवता गेला. घरी जाऊन त्याने काय सांगितलं असेल या भीतीने मी दिवाळीला गावीच गेलो नाही. पुढे आईच साताऱ्याला आली. जेवली. भाकऱ्या कच्च्या आहेत म्हणाली, बाकी काही नाही.

*

धागा काढणाऱ्या ताईंना: भाचीला म्हणावं, आधी मेसमध्ये पोळ्या लाटणाऱ्या मावश्यांशी बोल. मी दोन वर्षं मुलींच्या हॉस्टेलची प्रतिनिधी होते. कोण चार दिवस जेवायला आली नाही, कोण सगळे उठल्यावर एकटी येते, कोण दोन पोळ्या रुमालात बांधून नेते, हे त्यांना रेक्टरच्या आधी माहीत असायचं. त्यांना कुणी विचारतच नाही.

*

सगळ्यांचं वाचून दाखवलं तिला. चपलांचा किस्सा दोनदा.

तिने फॉर्म भरलाय. सूचक आणि अनुमोदक आपल्या मजल्याबाहेरचे हवेत असा नियम निघाला, आणि तिची ओळख फक्त स्वतःच्या मजल्यावर. तेव्हा काल संध्याकाळी पहिल्यांदा तळमजल्यावर गेली. तिथे मणिपूरच्या दोघी राहतात, दीड वर्ष झालं, ही त्यांच्याशी कधी बोललेली नव्हती. त्यातल्या एकीने सही केली, पण आधी विचारलं, “मीटिंग मराठीत घेणार की आम्हाला कळेल अशा भाषेत?” भाचीने मला फोन करून विचारलं, काय उत्तर देऊ. मी म्हटलं, सही तुझ्या फॉर्मवर झालीय, उत्तर तूच दे.

उद्या छाननी आहे. मावश्यांचं सांगितलं तिला, सकाळी लवकर उठून स्वयंपाकघरात जाते म्हणालीये. लवकर उठण्याबद्दल मला शंका आहे.