जर्नलच्या सोशल मीडिया अकाउंटमुळे सायटेशन खरंच वाढतात का?

नवा_संपादक: आमच्या जर्नलचं सोशल मीडिया आता माझ्याकडे आलंय. आत्तापर्यंत नुसतं पेपरचं शीर्षक आणि लिंक टाकायचे, कुणी ढुंकून बघायचं नाही. मुख्य संपादकांचं म्हणणं की रोज पोस्ट करा, सायटेशन (म्हणजे इतर पेपरमध्ये होणारे आपल्या पेपरचे उल्लेख) आपोआप वाढतील. मला पटत नाहीये, पण त्यांना दाखवू काय? कुणी हे काम केलंय का?

आकडेप्रेमी: सायटेशनच्या आशेवर हे काम उभं करू नका, मनापासून सांगतोय. 'सर्क्युलेशन' या हृदयविकारावरच्या जर्नलने चक्क रँडमाइज्ड ट्रायल (कोणता पेपर कोणत्या गटात हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवणारी चाचणी) केली होती, २०१५ मध्ये छापून आली, २४३ पेपर घेतले, साधारण निम्मे फेसबुक-ट्विटरवर टाकले निम्मे नाही टाकले, आणि ३० दिवसांचे पेज व्ह्यू मोजले तर मीडियन (मधला आकडा) टाकलेल्यांचा ४०९ आणि न टाकलेल्यांचा ३९२, म्हणजे फरकच नाही. २०२४ मध्ये प्लॉस वन या जर्नलमध्ये आणखी एक अभ्यास आलाय, त्यात ११ शास्त्रज्ञांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडलेले पेपर स्वतःच्या अकाउंटवरून ट्वीट केले. त्या दिवशी डाउनलोड वाढले, अल्टमेट्रिक स्कोअरही (ऑनलाइन चर्चा किती झाली याचा आकडा) वाढला, पण तीन वर्षांनी सायटेशनमध्ये ठोस फरक नाही. थोरॅसिक (छातीच्या) सर्जरीवाल्यांच्या ११२ पेपरच्या ट्रायलमध्ये मात्र वर्षभरात ट्वीट केलेल्यांना जास्त सायटेशन मिळाले होते, तुमचे संपादक तीच पुढे करतील, तयारीत रहा.

चित्रकथा: वाचक मिळवायचे असतील तर पेपरचं सार एका चित्रात मांडा, म्हणजे व्हिज्युअल अ‍ॅबस्ट्रॅक्ट करा. अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी या जर्नलने २०१६ मध्ये सुरू केले आणि ४४ पेपरवर तुलना केली, चित्रवाली पोस्ट नुसत्या शीर्षकापेक्षा आठेक पट जास्त रीट्वीट झाली, पेपर उघडणारे पावणेतीन पट. फक्त एक, प्रयोग उंदरांवर झाला असेल तर "उंदरांमध्ये" हे पहिल्याच ओळीत हवं. आणि चित्राला ऑल्ट टेक्स्ट (चित्राचं शब्दांतलं वर्णन) द्या, दिसत नसल्याने स्क्रीन रीडरवर वाचणारेही संशोधक असतात.

दुसरी_बाजू: सगळे पोस्ट करण्याबद्दलच बोलताय, खाली लोक काय लिहितात ते कोण वाचणार? २०१० मध्ये 'सायन्स' या जर्नलमध्ये आर्सेनिकवर जगणाऱ्या जिवाणूचा पेपर आला, काही दिवसांतच ब्लॉग आणि ट्विटरवर शास्त्रज्ञांनी त्यातल्या त्रुटी दाखवल्या, जर्नलमध्ये रीतसर आक्षेप यायला २०११ उजाडलं, आणि पेपर मागे घेतला २०२५ मध्ये! अकाउंट सांभाळणाऱ्याने असे आक्षेप त्याच दिवशी संपादकांकडे पोचवायलाच हवेत, ते तुमच्या कामात लेखी घालून घ्या.

नवा_संपादक: हे डोक्यातच नव्हतं, थँक्यू. मग पेपर रिट्रॅक्ट झाला, म्हणजे मागे घेतला गेला, तर आमच्याच अकाउंटवरून सांगायचं का? संपादक म्हणतील बदनामी होईल.

दुसरी_बाजू: सांगायचंच, आणि मूळ पोस्टला जोडून सांगायचं. नुसती वेगळी पोस्ट टाकली तर जुनी तशीच फिरत राहते आणि ती वाचणाऱ्याला पेपर मागे घेतल्याचं कळतच नाही.