मदत हवी आहे: घरच्या आर्केडसाठी जॉयस्टिक आणि बटणं कोणती घ्यावीत?

नमस्कार मंडळी,

रास्पबेरी पाय ४ या छोट्या संगणकावर रेट्रोपाय (जुने गेम चालवणारं सॉफ्टवेअर) चढवून झालंय, जुना १९ इंची मॉनिटर मिळालाय, आणि सुताराकडून १८ एमएम प्लायचा टेबलावर ठेवण्याजोगा डबा करून घेतोय. दोघांना शेजारी उभं राहून खेळता येईल एवढा. घोडं अडलंय ते कंट्रोल्सपाशी. सुताराचा सारखा फोन येतो, "साहेब, भोकं केवढी पाडू?" आणि त्याला काय सांगावं हे मलाच ठरवता येत नाहीये.

मुख्य खेळ म्हणजे 'मुस्तफा'. कॅपकॉमच्या १९९३ च्या या खेळाचं खरं नाव कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स, पण व्हिडिओ गेम पार्लरमध्ये ते नाव घेतलेलं मी तरी ऐकलं नाही. त्याला दोनच बटणं लागतात, मारायचं आणि उडीचं. दोन्ही एकदम दाबली की ठेवणीतला डाव बसतो आणि आपलीही थोडी शक्ती खर्च होते. म्हणजे ही दोन बटणं एकमेकांना खेटून हवीत. किंग ऑफ फायटर्स ९७ ला चार बटणं लागतात, आणि धाकट्या भावाला स्ट्रीट फायटर २ खेळायचाय, त्याला सहा: तीन ठोसे, तीन लाथा.

इथपर्यंत ठीक होतं. पण बायकोला पॅक-मॅन आणि डाँकी काँग हवेत. मित्राकडच्या आठ दिशांच्या स्टिकवर पॅक-मॅन खेळून पाहिला, तर वळणावर स्टिक जरा तिरकी गेली की दोन स्विच एकदम दबतात आणि गडी भलतीकडेच जातो किंवा भुताच्या तोंडी. ते खेळ मुळात चार दिशांच्या स्टिकसाठीच केलेले. उलट चार दिशांच्या स्टिकवर स्ट्रीट फायटरचा 'खाली, तिरका, पुढे' हा पाव गोल निघणारच नाही.

प्रश्न असे: दोन्हींसाठी एकच स्टिक चालेल का? सान्वा जेएलएफ ही जपानी स्टिक घ्यावी की हॅप पद्धतीची, लांब दांड्याची अमेरिकन? बटणं ३० एमएमची की २८ ची? आणि स्टिक-बटणं पायला जोडायला बाजारात सगळीकडे मिळतो तो 'झिरो डिले' यूएसबी बोर्ड घ्यावा का?

प्रतिसाद १
जेएलएफ घ्या. तिच्या खालची, दांडा कुठवर जाईल ते ठरवणारी चौकोनी पट्टी काढून ४५ अंशात फिरवून बसवली की तीच स्टिक चार दिशांची होते. स्क्रू ड्रायव्हरही लागत नाही, खिट्ट्या असतात. फक्त हात खालून पोचला पाहिजे, तेव्हा पॅनेल बिजागऱ्यांवर उघडणारं करून घ्या.

एक अडचण आहे. ही स्टिक पातळ पत्र्याच्या पॅनेलसाठी बनलेली. १८ एमएम प्लायखाली तशीच ठोकलीत तर दांडा वर जेमतेम येईल. सुताराला खालून राउटरने खाच मारायला सांगा.

प्रतिसाद २
मी असहमत. लाकडी पॅनेल आहे ना, मग हॅप पद्धतीचंच सामान घ्या, ते जाड लाकडासाठीच असतं. स्प्रिंग कडक आहे, पण भावाभावांची मारामारी चालू असताना स्टिकला लटकणारे लोक मी पाहिलेत. बटणंही तीच, लांब आट्यांची, खालून नट आवळायचा. सान्वाची खिट्टीवाली ३० एमएम बटणं छान हलकी आहेत, पण १८ एमएममध्ये खिट्टीला पकडायला काही मिळत नाही.

पॅक-मॅनसाठी मधोमध वेगळी छोटी चार दिशांची स्टिक बसवा. दर वेळी कोण पट्टी फिरवत बसणार?

आणि काहीही घ्या, सामान हातात येईपर्यंत भोकं पाडू नका. आधी प्लायच्या तुकड्यावर एक पाडून बटण घालून बघा.

प्रतिसाद ३
बोर्डाबद्दल: झिरो डिले हे नावापुरतंच, पण मुस्तफाला काही फरक पडत नाही. त्रास वेगळाच होतो. एकसारखे दोन बोर्ड लावले की पायला दोन्ही एकाच नावाने दिसतात, आणि कधी कधी पहिला खेळाडू दुसरा होऊन बसतो. भाऊ जरा हौशी असेल तर रास्पबेरी पाय पिको हा छोटा बोर्ड घेऊन त्यावर जीपी२०४०-सीई हे कंट्रोलरचं सॉफ्टवेअर टाका. सोल्डरिंग येत असेल तर एका संध्याकाळचं काम आहे. वायरच्या टोकाला लावायच्या लगचं (धातूच्या क्लिपचं) माप बघून घ्या. सान्वाच्या बटणांना २.८ एमएमचे लागतात, हॅपच्या मायक्रोस्विचला ४.८ चे.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. मधोमध तिसऱ्या स्टिकची कल्पना बायकोला फारच आवडली, म्हणजे विषय संपला. दोन्ही बाजूंना हॅपच्या स्टिक, २८ एमएमची बटणं, प्रत्येकी सहा. बोर्ड सध्या झिरो डिलेच, अदलाबदल व्हायला लागली तर पिको. सुताराला थांबायला सांगितलंय, तो वैतागलाय.
कॉइन (नाणं टाकल्यासारखं करणारं) आणि स्टार्ट ही बटणं पुढच्या उभ्या पट्टीवर शेजारी शेजारी ठेवली तर चालतील ना?

प्रतिसाद ३
ठेवा, पण आधी एक करा. कॉइनला आपण सहसा सिलेक्ट देतो, आणि रेट्रोपायमध्ये सिलेक्ट हीच मूळची हॉटकी असते, म्हणजे दुसऱ्या बटणासोबत दाबून हुकूम द्यायचं बटण. सिलेक्ट आणि स्टार्ट एकदम दाबले की खेळ बंद. शेवटच्या राक्षसाशी लढताना घाईत कॉइन टाकून स्टार्ट दाबलंत की थेट मेन्यूत. हॉटकीसाठी डब्याच्या कडेला एक वेगळं बटण काढा, लहान मुलांचा हात जाणार नाही अशा जागी.