घरासाठी नॅस घ्यायचाय : तयार दोन डिस्कवाला बॉक्स की जुना डेस्कटॉप? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात जुनी २ टीबीची एक्स्टर्नल हार्ड डिस्क लावली तर फोल्डर उघडायच्या ऐवजी आतून टक्... टक्... टक् असा आवाज, मध्येच थांबायचा आणि परत सुरू. त्यात लेकीच्या जन्मापासूनचे फोटो आणि बाबांच्या आवाजातली रेकॉर्डिंग्ज होती, बाबा आता नाहीत. चौथ्यांदा लावल्यावर डिस्क दिसली, मग आधी रेकॉर्डिंग्ज आणि नंतर फोटो लॅपटॉपवर ओढून घेतले. बहुतेक सगळं वाचलं, शेवटचे दोन फोल्डर मात्र गेले ते गेलेच. आता एकाच डिस्कच्या भरवशावर राहायचं नाही हे पक्कं ठरवलंय, म्हणून नॅस, म्हणजे घरच्या नेटवर्कवरून सगळ्यांना वापरता येणारा डिस्कचा बॉक्स, घ्यायचाय.

गरज अशी आहे की फोटो-व्हिडिओ साधारण ९०० जीबी, स्वतःच्या डीव्हीडींवरून उतरवलेले आणि इतर सिनेमे दीड-दोन टीबी, शिवाय दोन लॅपटॉप आणि तीन फोनचा बॅकअप रोज आपोआप व्हायला हवा, कारण मला आठवण राहत नाही आणि घरात बाकी कोणी करणार नाही. त्यामुळे ४ टीबीच्या दोन डिस्क रेड १ मध्ये, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा राहील अशा, लावायचा विचार आहे. वापरायला ४ टीबीच मिळणार हे माहीत आहे, सध्या पुरेल.

पण वाचून एक कळलं की रेड म्हणजे बॅकअप नव्हे. एक डिस्क मेली तर दुसरी तारून नेते हे खरं, पण चुकून फाईल उडवली किंवा रॅन्समवेअर (फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) शिरलं तर दोन्हींवरून एकदमच जाणार. म्हणून स्नॅपशॉट, म्हणजे फाईली आधीच्या वेळी जशा होत्या तशा परत आणता येतील अशा नोंदी, हवेतच, आणि फोटोंची एक कॉपी यूएसबी डिस्कवर काढून भावाकडे ठेवणार आहे.

आता खरी अडचण. सिनॉलॉजी कंपनीचा डीएस २२३ हा तयार दोन डिस्कवाला बॉक्स बघितला, साधा आहे आणि बॅकअपला पुरेल असं वाटतं, पण त्यात एआरएम प्रोसेसर आहे आणि आमचा टीव्ही जुना, एचईव्हीसी (व्हिडिओचा एक नवा प्रकार) फाईल चालवतच नाही, म्हणजे ट्रान्सकोडिंग, म्हणजे फाईल चालतानाच टीव्हीला चालेल अशा प्रकारात बदलणं, लागणार आणि ते त्या प्रोसेसरला जमेल असं वाटत नाही. त्यांच्याच डीएस २२४ प्लसमध्ये इंटेलची चिप आहे, जेलीफिन हे सिनेमे दाखवणारं सॉफ्टवेअर डॉकरमध्ये (नॅसवर वेगळी अ‍ॅप चालवायची सोय) टाकून ते काम होईल म्हणतात. नवरा म्हणतो घरात चौथ्या पिढीचा आय-३ डेस्कटॉप पडून आहे, त्यावर ट्रूनॅस किंवा ओपनमीडियाव्हॉल्ट (साध्या कॉम्प्युटरचा नॅस करणारी सॉफ्टवेअर) टाकू. पण त्या पिढीच्या ग्राफिक्सला एचईव्हीसी धड जमत नाही, शिवाय चोवीस तास चालू ठेवायचा तर वीज जास्त खाणार आणि काही बिघडलं की मलाच निस्तरावं लागणार.

मग असं डोक्यात आलं की टीव्हीला एचईव्हीसी चालवणारी स्ट्रीमिंग स्टिकच लावली तर? नॅसने फक्त फाईल द्यायची, ट्रान्सकोडिंगचा प्रश्नच मिटला. सिनेमे गेले तर परत उतरवता येतील, बाबांचा आवाज परत येणार नाही, त्यामुळे पैसे बॅकअपच्या बाजूला घालावेत असं मला मनापासून वाटतंय. कोणी असं केलंय का? सबटायटल लावल्यावर तरीही ट्रान्सकोडिंग सुरू होतं असं वाचलं, ते सगळ्याच सबटायटलना होतं की फक्त डीव्हीडीतून येणाऱ्या चित्रवाल्यांना?

डिस्कबद्दलही सांगा. एसएमआर (डेटाच्या ओळी एकमेकींवर चढवून लिहिणारी, म्हणून लिहायला हळू) टाळून सीएमआरच (ओळी वेगवेगळ्या ठेवणारी) घ्यायची एवढं समजलंय. २०२० मध्ये डब्ल्यूडी रेडच्या काही डिस्क न सांगता एसएमआर निघाल्या होत्या, त्यामुळे आता डेटाशीट बघूनच घेणार. डब्ल्यूडीची रेड प्लस की सीगेटची आयर्नवुल्फ? बॉक्स हॉलमध्ये टीव्हीशेजारीच राहणार आहे, म्हणून आवाज कोणाचा कमी ते महत्त्वाचं.

आणि वीज अचानक गेली तर नॅस आपोआप नीट बंद व्हावा म्हणून यूपीएस यूएसबीने जोडतात ना, तो कुठलाही चालतो की मॉडेल बघून घ्यावा लागतो? फोटो सध्या फक्त लॅपटॉपवर आहेत, त्यामुळे जीव टांगणीला लागलाय, जरा लवकर सांगा प्लीज.