सिगरेट आणि आपण: तुमचे अनुभव लिहा

मुंबईत सिगरेट ओढणाऱ्याकडे बघायची नजर एका पिढीत पार बदलली. काँग्रेस नेते मुरली देवरांच्या याचिकेवर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रेल्वे, बस, दवाखाने, सरकारी कचेऱ्यांत मनाई केली. २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेलं आणि ऑफिसंही त्यात आली. घराघरांत काय बदललं ते मात्र आपणच सांगू शकतो. ओढणारे, सोडलेले, त्यांच्या घरचे, सगळ्यांनी लिहा. उपदेश नको, एवढीच विनंती.

माझे बाबा गिरगावच्या चाळीत गॅलरीत उभे राहून चारमिनार ओढायचे. आल्यागेल्यापुढे पाकीट धरणं हा पाहुणचार. आणायला आम्हा पोरांनाच खाली पिटाळायचे. आज माझा भाचा ओढतो. घरात सगळ्यांना ठाऊक आहे, कुणी विषय काढत नाही. तो सोसायटीच्या पंपरूममागे जातो आणि बडीशेप खाऊन वर येतो. मला या लपवाछपवीची जास्त भीती वाटते. लपवणारा माणूस मदत कुणाकडे मागणार?

दादर
आमची पानाची टपरी आहे. २०१६ पासून पाकिटाच्या ८५ टक्के भागावर इशारा आणि चित्र असतं. गिऱ्हाईक म्हणतं, "हा फोटो नको, दुसरं दे." म्हणजे ते कुठेतरी लागतं. पण आमच्याकडे बहुतेकजण सुटी सिगरेट मागतात. राज्याने २०२० मध्ये सुट्या विक्रीवर बंदी आणली, तरी ती विक्री चालूच आहे हे कुठल्याही स्टेशनबाहेर दिसतं. सुटी घेणाऱ्याच्या हातात पाकीट येतच नाही. ना चित्र, ना त्यावर छापलेला १८००-११-२३५६ हा सोडायला मदत करणारा मोफत नंबर. मी तो नंबर मोठ्या अक्षरांत लिहून टपरीवर टांगलाय.

अंधेरी
मी बाई आहे आणि ओढते. ऑफिसखाली पुरुष उभे राहिले की तो ब्रेक, मी उभी राहिले की माझे संस्कार निघतात. माझ्या फुप्फुसांची काळजी करणारं कुणी भेटलं नाही. सोडायची आहे, पण या लोकांसाठी नाही.

लोअर परळ
अंधेरीच्या ताई, पटलं. माझीही ओरड्याने सुटली नाही. टीममधली निम्मी कामं टपरीवर कटिंग घेताना ठरायची, त्यामुळे सिगरेट सोडली तर माणसं तुटतील असं वाटायचं. एका मित्राला हे बोललो, तर तो माझ्यासाठी दुसऱ्या गल्लीत चहाला यायला लागला. त्याचे उपकार मी विसरणार नाही. पहिले दोन-तीन दिवस फार वाईट जातात: चिडचिड, झोप उडते, कामात लक्ष लागत नाही. तलफ मात्र काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ मी जिने चढायचो. सिगरेट सोडताना तलफेसाठी घेतात तो निकोटिनचा गम साध्या च्युइंगगमसारखा चघळत राहू नका, उचक्या लागतात. थोडा चावायचा, तोंडात झिणझिण्या आल्या की गालात दाबून ठेवायचा. आधी पंधरा मिनिटं कॉफी, कोल्ड्रिंक नको, नाहीतर निकोटिन नीट शोषलं जात नाही.

भांडुप
वडील सत्तरीचे, अँजिओप्लास्टी झाली आहे. म्हणतात, आता सोडून काय मिळणार?

लोअर परळ
पुष्कळ मिळणार. सोडल्यावर वर्षभरात सिगरेटमुळे वाढलेला हृदयविकाराचा धोका साधारण निम्म्यावर येतो. काकांना हे त्यांच्या डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, आणि गमचंही त्यांनाच विचारून ठरवा. काका काय म्हणाले ते नक्की कळवा.