शेकरू कोवळे नारळ पाडतंय, काय करावं?

वाडीतला:
गुहागरजवळ आमची वाडी आहे, चाळीसेक माड आणि मागच्या बाजूला रायवळ आंब्याची जुनी झाडं. दोन वर्षं कोवळे नारळ पडतायत, आधी वाटलं माकडं असतील पण परवा सकाळी आठला बघितलं तर शेकरू, झावळीवर बसून नारळ पोखरत होतं. लालसर तपकिरी अंग आणि हातभर झुपकेदार शेपटी, इतक्या जवळून पहिल्यांदाच बघितलं, नुकसान विसरून बघतच राहिलो. शेजारचे काका म्हणतात छऱ्याची बंदूक आणतो. मला ते नकोय. पण नेटवर आययूसीएनच्या यादीत, म्हणजे कुठल्या प्राण्याला किती धोका आहे त्या जागतिक यादीत, शेकरूपुढे 'लीस्ट कन्सर्न' (सगळ्यात कमी काळजीचं) लिहिलंय, म्हणजे भरपूर आहेत, मग एवढं जपायचं कशाला असं काकांनी विचारलं आणि मला उत्तर देता आलं नाही.

फणसाडच्या बाजूचा:
बंदूक अजिबात नको दादा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शेकरूला संरक्षण आहे, मारणं पकडणं दोन्ही गुन्हा, आणि शिवाय ते आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी.
आधी एक बघा, नारळ पडतात कधी? रात्री पडत असतील तर तो उंदीर किंवा उदमांजर, कारण शेकरू दिवसाचं जनावर, अंधार पडायच्या आत घरट्यात जातं. बऱ्याच वाड्यांत उंदराचं पाप शेकरूच्या माथी जातं. बुंध्याला पत्रा ठोकतात तो उंदरासाठी चांगला, शेकरूला त्याचं काही नाही कारण ते सहसा जमिनीवर उतरतच नाही, आंब्याच्या फांदीवरून सरळ माडावर उडी, पाच-सहा मीटर अंतर सहज कापतं. तुमच्या आंब्याच्या फांद्या माडांना टेकल्यात का?

दोडामार्गकर:
काकांना सांगा की 'लीस्ट कन्सर्न' म्हणजे ही जात आत्ता लगेच नामशेष व्हायच्या बेतात नाही, इतकंच. त्याच यादीत संख्या घटतेय असंही लिहिलेलं आहे, ते कोणी वाचत नाही. हे शेकरू फक्त भारतातच आहे, सातपुड्यापासून खाली केरळपर्यंत, पण सगळं तुकड्या-तुकड्यांत. भीमाशंकरचं अभयारण्य १९८५ ला मुख्यतः याच्यासाठीच झालं, फणसाड १९८६ ला, आमच्याकडे तिलारीचं राखीव क्षेत्र २०२० ला. पण कोकणात खूप जंगल खाजगी मालकीचं, ते तोडून आमच्याकडे रबर आणि अननस लागलाय, तुमच्याकडे काजू आणि कलमं असतील.
शेकरूला नुसती झाडं असून भागत नाही, फांदीला फांदी लागलेली पाहिजे. मध्ये रस्ता झाला किंवा पट्टा साफ केला की ते एका तुकड्यात अडकतं, खाली उतरलं तर कुत्री धरतात. त्यात एका वेळी पिल्लं एक-दोनच. राईत खायला उरलं नाही तर वाडीत येणारच ना ते. आमची आजी म्हणायची, तो देवाचो, तेका दगड मारूचो नाय. देवराई राहिली ती अशाच माणसांमुळे.

वाडीतला:
फांद्या टेकल्यात, चार माडांना. तेवढ्या छाटल्या तर? आणि तुम्ही म्हणता ते बरोबर, मागचा डोंगर तीन वर्षांपूर्वी काजूसाठी साफ केला, त्रास त्यानंतरच सुरू झाला.

फणसाडच्या बाजूचा:
छाटा, पण माडाकडच्याच, राईकडे जाणाऱ्या फांद्यांना हात लावू नका नाहीतर त्याचा परतीचा रस्ताच बंद. आणि कोयता चालवण्याआधी वर नीट बघा. काटक्या-पानांचा मोठा गोळा, उंचावर, दोन झाडांच्या फांद्या मिळतात तिथे बारीक फांद्यांत असतो. एक शेकरू अशी बरीच घरटी बांधतं, म्हणून पाच घरटी दिसली तर पाच शेकरं आहेत असं नाही, पण एखाद्यात पिल्लू असू शकतं.

वाडीतला:
आज चढवला गड्याला. दोन घरटी सापडली, एक जुनं विस्कटलेलं आणि एकात हिरवी पानं, म्हणजे वापरातलं. त्या झाडाला हात लावला नाही, बाकी तीन माडांच्या फांद्या काढल्या. चौथ्या माडाचे नारळ त्याचे. काकांना खाली उभं करून घरटं दाखवलं, बराच वेळ मान वर करून बघत होते. मागच्या गडग्याला उंबर आणि जांभूळ लावायचं म्हणतोय, रोपं कुणाकडे असतील तर कळवा.